पद्मिनीच्या काचांची फेल्ट बदलताना

प्रश्न: प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पुढच्या दाराची काच खडखडते, चॅनलमधली (काच सरकते त्या खाचेतली) फेल्ट, म्हणजे मऊ पट्टी, झिजून पत्रा दिसतोय. दार न काढता बदलता येईल का?

उत्तर १: येईल की. हँडल आणि डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढा, काच पूर्ण खाली घ्या. जुनी फेल्ट ओढून काढा, चॅनल घासा, गंजावर रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारून सुकू द्या. नवी फेल्ट कोपऱ्यात सबंध तोडू नका. आतल्या बाजूने खाच देऊन वळवा. टोकाला ५ मिमी जास्त ठेवा, ताणून बसवलेली नंतर आक्रसते. चिकटवण्याआधी काचेचा तुकडा सरकवून बघा. फेल्ट जाड निघाली तर काच अडते आणि रेग्युलेटरचे (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचे) दात जातात.

प्रश्नकर्ता: काच जड चालली तर ग्रीस लावू का?

उत्तर २: अजिबात नको, धूळ धरून लगदा होतो. सिलिकॉन स्प्रे मारा. आणि नव्या फेल्टनंतरही दारात थोडं पाणी उतरणारच. दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा, पॅडमागचं प्लास्टिक परत लावा (हेच सगळे विसरतात). दाराच्या रबराचा जोड खाली ठेवा. मग कागदाची पट्टी दारात धरून ओढा; सहज निघाली तिथे रबर दबत नाही.