गाडीचे ऑइल गळते आहे: गिअरबॉक्स उतरवावा का? (मदत हवी आहे)

माहीमकर_७
माझ्या गाडीखाली रोज सकाळी ऑइलचा डाग पडलेला असतो. मागचे क्रँक सील (इंजिनचा मुख्य दांडा गिअरबॉक्सकडे बाहेर पडतो तेथील रबरी कडे) गेले असून गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे मिस्त्रींनी खाली वाकून दोन मिनिटांत सांगितले. टॅपेट कव्हरचे (इंजिनच्या वरच्या झाकणाचे) पॅकिंग दोनच महिन्यांपूर्वी बदलले होते. पावसात त्या डागांवरून दुचाकी घसरतील, अशी लेखी नोटीस सोसायटीने दिली आहे आणि त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. शनिवारी गाडी गॅरेजमध्ये द्यायची आहे. सील बदलावे की नाही, एवढेच कृपया सांगावे.

पाना_आणि_पक्कड
गाडी कोणती, किती सालची, डाग नेमका कोणत्या बाजूला पडतो आणि डिपस्टिकवरची (तेल मोजण्याच्या पट्टीवरची) पातळी किती दिवसांत उतरते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. गळणारे तेल इंजिनचेच आहे, हे तरी पाहिले आहे का? गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. डागाखाली पांढरा पुठ्ठा ठेवून आधी तेवढी खात्री करून घ्यावी.

माहीमकर_७
गाडी १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरची. वास इंजिन ऑइलचाच आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडले जातात, बरोबर त्याखाली थेंब पडतात. पातळी तीन आठवड्यांत खालच्या खुणेवर येते. आता उत्तर मिळेल का?

घाटवाट
जुन्या इंजिनात २०डब्ल्यू५० हे दाट ऑइल घालावे. माझ्या गाडीची गळती त्याने निम्म्यावर आली. गिअरबॉक्सला हात लावण्याची गरज नाही.

पाना_आणि_पक्कड
दाट तेलाने गळती मंदावते, थांबत नाही. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांचेही तसेच आहे. त्यांतील द्रव्याने रबर थोडे फुगते, परंतु पंचवीस वर्षे उष्णता खाऊन दगड झालेल्या रबरावर त्याचा उपयोग होत नाही.

घाटवाट
मी स्वतः दोन वर्षे वापरून पाहिले आहे, म्हणूनच लिहिले. मात्र ते कायमचा उपाय आहे, असे माझे म्हणणे नाही.

परळचा_गॅरेजवाला
तेल वरून खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे थेंब पडतो ती जागा दोषाची असेलच असे नाही. सर्वांत वरची ओली जागा शोधावी लागते. आपल्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडील टोकाला बसतो. त्याच्या बुडाची ओ-रिंग (गोल रबरी कडी) कडक झाली की तेल हेडवरून उतरून क्लचच्या घरावर (क्लचभोवतीच्या कवचावर) बाहेरून ओघळते आणि मागचे सील गेल्यावर जेथे थेंब पडतो, अगदी तेथेच पडते. खालून पाहून हा फरक ओळखता येत नाही.

इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर प्लॅस्टिकने झाकून, रॉकेल आणि ब्रशने सगळी बाजू धुऊन काढा. रॉकेल पूर्ण सुकल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. मग कोरड्या भागावर साधी टाल्कम पावडर भुरभुरा, पंधरा मिनिटे इंजिन चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत या. तेलाची वाट पावडरीवर स्पष्ट उमटते.

नवे पॅकिंग बसवूनही गळती थांबली नसेल, तर ब्रीदरची (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी) नळी काढून पाहा. ती गाळाने तुंबली की पिस्टनच्या बाजूने उतरलेल्या वायूचा दाब आतच साठतो आणि सर्वांत कमकुवत सीलमधून तेल बाहेर ढकलतो.

सातरस्ता
१५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. आपल्या नूतनीकरणाची तारीख आधी पाहून घ्यावी.

माहीमकर_७
माहितीबद्दल आभार, परंतु नोंदणीचा प्रश्न मी विचारलेला नाही.

कुर्ला_८००
परळच्या मित्रांशी मी पूर्ण सहमत नाही. माझ्या गाडीत मीही आधी ओ-रिंग बदलली, परंतु दोष खरोखर मागच्या सीलचाच निघाला. कसारा घाटात इंजिनचा आवाज वाढे आणि गाडी मात्र वेग घेत नसे. तेल क्लच प्लेटवर पोहोचले होते. तसे होत असेल, तर गिअरबॉक्स उतरवावाच आणि त्याच मजुरीत क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही तपासून घ्यावे.

परळचा_गॅरेजवाला
ते योग्यच आहे. क्लच घसरत असेल, तर माझा सल्ला लागू नाही. माहीमकर, क्लच कसा आहे?

माहीमकर_७
क्लच व्यवस्थित आहे. रविवारी इंजिन धुऊन पावडर लावली. वीस मिनिटांनी डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून बोटभर रुंदीची तपकिरी रेघ क्लचच्या घरावर उतरलेली दिसली, त्याच्या वरची पावडर पांढरीच होती. डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी त्याच्या आणि तो बसतो त्या खोबणीच्या कडेवर पांढऱ्या रंगाची खूण करून घेतली, म्हणजे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बिघडणार नाही. जुनी ओ-रिंग बाहेर काढताना तिचे दोन तुकडे झाले, वाकवली तर कट्‌कन मोडत होती. नवी ऑपेरा हाउसच्या बाजारात मिळाली. ब्रीदरच्या नळीत काळा, लापशीसारखा गाळ होता, तोही साफ केला. शनिवारचे गॅरेजचे काम मी रद्द केले आहे.

चार दिवसांत पुठ्ठ्यावर रुपयाएवढा एकच डाग पडला. चेंबरच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) कडेला मात्र थोडा ओलसरपणा दिसतो. त्याचे बोल्ट घट्ट करू का?

परळचा_गॅरेजवाला
जोर लावू नका, पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी चेंबर उतरवा, कड सरळ करून नवे पॅकिंग बसवा. सीलंट अगदी पातळ लावा, कारण आतल्या बाजूला निघालेला त्याचा तुकडा सुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतो. तोपर्यंत दर रविवारी डिपस्टिक पाहत राहा.