वझीर खान मशिदीची काशीकारी: गळलेल्या जागी नवे तुकडे बसवावेत का?

चुनकळी:
माझं मत, बसवू नयेत. लाहोरची ही मशीद शहाजहानचा पंजाबचा सुभेदार हकीम इल्मुद्दीन ऊर्फ वझीर खान याने 1634-41 मध्ये बांधली. बांधकाम विटांचं, त्यामुळे दर्शनी शोभा काशीकारीचीच, म्हणजे चकाकीदार रंगीत फरश्यांचे तुकडे जुळवून केलेल्या नक्षीची. प्रत्येक रंगाची फरशी वेगळी भाजायची, नक्षीबरहुकूम तासायची आणि एकेक तुकडा चुन्यात जुळवायचा. त्यात आजचे तुकडे मिसळले की अस्सल कुठलं ते पुढे कुणालाच सांगता येणार नाही. गळलेल्या जागी साधा चुन्याचा गिलावा पुरे.

नक्षीवेडा:
अजिबात पटत नाही. तिथे रोज नमाज होते, ते वस्तुसंग्रहालय नाही. शिवाय एक तुकडा गळला की शेजारच्याची कड उघडी पडते आणि पाऊस मागे शिरतो. अस्सल ओळखण्याची चिंता असेल तर नव्या तुकड्याच्या पाठीवर साल कोरा. कामच दिलं नाही तर ही कला शिकेल कोण?

चुनकळी:
उघडी कड बारीक चुन्याने बुजवता येते. त्यासाठी नवी काशी कशाला?

गिलावा:
तुम्ही दोघंही वरवरचं बोलताय. तुकडे गळतात ते ओलीमुळे. भोवतालची जमीन शतकानुशतकं चढत गेली आणि भिंतीचा पाया मातीत गेला. ओल वर चढते, लोणा धरतो, क्षारांचे स्फटिक फरशीच्या चकाकीच्या थराला मागून ढकलतात. त्यावर सिमेंटचं ठिगळ म्हणजे ओलीची वाटच बंद. मग ती शेजारच्या धडधाकट काशीतून बाहेर पडते. आधी सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा, यंत्राने नको, हादऱ्याने जुने तुकडे सुटतात. भिंत एक उन्हाळाभर सुकू द्या. चुनकळी (भाजलेला कच्चा चुना) विरवून निदान महिनाभर मुरवा, एका भागाला दोन भाग सुरखी (विटांची भुकटी) घाला आणि गिलाव्यावर आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. चुना घाईत वाळला की भेगा ठरलेल्या.

नक्षीवेडा:
क्रम मान्य. आतली भित्तिचित्रं पुन्हा रंगवू नयेत हेही मान्य, कारण तो रंग ओल्या चुन्याबरोबरच धरतो, नंतर लावलेला पापुद्र्यासारखा सुटतो. पण काशीची वेलबुट्टी पुन्हा पुन्हा येते, हरवलेला तुकडा शेजारच्यावरून मापता येतो. काशीत लिहिलेल्या कुराणाच्या आयतींचा तर पाठही ठरलेला.

चुनकळी:
पाठ ठरलेला, पण अक्षराचं वळण त्या कातिबाचं, म्हणजे सुलेखनकाराचं. वेलबुट्टीपुरतं तुमचं ऐकतो. अक्षरांच्या पट्टीत मात्र जागा रिकामीच ठेवावी.