मदत हवी आहे: समोरच्या हॉलचा बेस घरात शिरतो, पण हॉल बंद पडायला नको आहे

मंडळी, थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढच्या रविवारी बैठक आहे आणि तिथे काय मागायचं हेच मला नीट कळत नाहीये.

आम्ही शहराच्या अगदी मध्यभागी, तिसऱ्या मजल्यावर राहतो. रस्त्याच्या पलीकडे लाइव्ह संगीताचा एक छोटा हॉल आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी इथे आलो, हॉल त्याच्या कितीतरी आधीचा. घर घेताना हे माहीत होतं. पहिलं दीड वर्ष काहीच त्रास नव्हता, मी स्वतः तिथे चार-पाचदा ऐकायला गेले आहे.

गेले सहा महिने मात्र शुक्रवार-शनिवार झोपेचं खोबरं झालंय. शब्द ऐकू येत नाहीत, गिटार ऐकू येत नाही. नुसता बेस, म्हणजे संगीतातला सगळ्यात खालचा, जड आवाज: धप्, धप्, तेही उशीत. कपाटाची काच थरथरते. सहा वर्षांची लेक दचकून उठते आणि मग तासभर झोपत नाही. वरच्या मजल्यावरच्या ताई नर्स आहेत, त्यांची पहाटेची ड्यूटी असते.

इमारतीत सध्या 'हॉल बंद करा' असा अर्ज फिरतोय. मी सही केलेली नाही. नवीन गाणारी-वाजवणारी मुलं पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहतात ती अशाच जागी, आणि अशी जागा एकदा गेली की तिथे दुकान किंवा ऑफिस येतं, पुन्हा हॉल होत नाही. पण वरच्या ताईंना 'मध्यवस्तीत राहायचं तर सोसा' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

मोबाइलच्या अॅपवर मोजलं, खिडकी बंद करून ३८ ते ४० डेसिबल. हॉलचे मालक म्हणतात, एवढा आवाज तर फ्रिजचाही असतो. त्यांचं खोटं आहे असं वाटत नाही, पण माझी काच थरथरते हेही खरं आहे. बैठकीत नेमकं काय मागावं? आणि आम्ही नंतर आलो म्हणून आमचा बोलण्याचा हक्कच नाही का?

प्रतिसाद १

मी कार्यक्रमांचं साउंड करतो. तुमचं अॅप चुकत नाहीये, ते भलतंच मोजतंय. बहुतेक अॅप 'ए-वेटिंग' नावाच्या पद्धतीने मोजतात, आणि त्यात खालच्या सुरांना जवळपास धरतच नाहीत. ६३ हर्ट्झला, म्हणजे बेस ड्रमच्या पट्ट्यात, सुमारे २६ डेसिबल वजा होतात. 'सी-वेटिंग' या दुसऱ्या पद्धतीत तिथे एक डेसिबलही वजा होत नाही. चांगलं मीटर आणून दोन्ही आकडे घ्या. त्यांच्यात वीसेक डेसिबलचा फरक निघाला तर बेसचंच दुखणं आहे हे मालकांनाही मान्य करावं लागेल. भिंत आणि काच वरचे सूर सहज अडवतात, बेस अडवत नाहीत. म्हणून तुमच्याकडे फक्त धप् पोहोचतं.

'आवाज कमी करा' असं मोघम मागू नका. त्यांनी सगळाच आवाज उतरवला तर कार्यक्रम फिका पडेल आणि तुमचा धप् तरी उरेलच. एका दुपारी हॉल रिकामा असताना बेस जोरात असलेलं एकच गाणं लावायला सांगा. त्यांचा साउंडवाला मिक्सरजवळ, तुम्ही झोपायच्या खोलीत, दोघे फोनवर. फक्त बेस उतरवत जायचं. तुम्हाला ऐकू येणं थांबलं की तो आकडा लिहून घ्या आणि लिमिटरमध्ये (आवाज ठरवलेल्या पातळीवर रोखणारं उपकरण) बेसच्या पट्ट्यापुरती तेवढी मर्यादा बांधा. सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारे मोठे स्पीकर, थेट जमिनीवर असतील तर खाली जाड रबर हवं, आणि दाराला दुहेरी दार, म्हणजे एक उघडताना दुसरं मिटलेलं राहतं. सिगारेटसाठी सतत उघडणाऱ्या एकाच दाराने मी भल्याभल्या साउंडप्रूफिंगची माती झालेली पाहिली आहे.

प्रतिसाद २

हक्काच्या प्रश्नाबद्दल. काही ठिकाणी यासाठी 'एजंट ऑफ चेंज' नावाचं तत्त्व नियमात आलंय. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २०१४ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ मध्ये, इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१८ मध्ये. बदल जो आणतो, आवाज अडवायची जबाबदारी त्याची. जुन्या हॉलशेजारी नवी इमारत उभी राहिली तर जाड काचा बसवणं बिल्डरचं काम.

पण हे तत्त्व दोन्ही बाजूंनी लागू पडतं. दीड वर्ष त्रास नव्हता आणि मग अचानक सुरू झाला, असं तुम्हीच लिहिलंय. मधे हॉलने काय बदललं? तिथे बदल आणणारे तुम्ही नाही.

आणखी एक. संगीत थांबल्यावर रस्त्यावर रेंगाळणारी गर्दी, पहाटे फेकल्या जाणाऱ्या बाटल्या, टेम्पोत सामान चढवणं, यांचा त्रास पुष्कळदा गाण्याहून जास्त असतो. अॅम्स्टरडॅमच्या रेम्ब्रांटप्लाइन चौकात २०१५ पासून लोकांशी गोडीने बोलून गर्दी शांत ठेवणारी माणसं नेमली होती. तुमच्या हॉलने शेवटचा अर्धा तास एक माणूस दाराबाहेर उभा केला तरी फरक जाणवेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल मालकांना सरळ विचारलं. सहा महिन्यांपूर्वी दोन नवे सबवूफर घेतले आहेत, आणि जागा नाही म्हणून ते रस्त्याकडच्या भिंतीला टेकवून ठेवले आहेत! त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. गुरुवारी दुपारी फोनवरची चाचणी करायची ठरली आहे, वरच्या ताईही त्यांच्या खोलीत बसून ऐकणार आहेत. अर्ज फिरवणाऱ्या काकांना रविवारपर्यंत थांबायची विनंती केली, ते कसेबसे तयार झाले. बैठकीत मागणार आहे ते एवढंच: बेसची मर्यादा लिखित स्वरूपात, दुहेरी दार, आणि कार्यक्रम चालू असताना कुणीतरी खरोखर उचलेल असा एक फोन नंबर.

साउंडवाल्या दादांना एक विचारायचं राहिलं: चाचणी रिकाम्या हॉलमध्ये होणार, पण कार्यक्रमाला माणसं भरलेली असतात. त्याने बेसच्या आकड्यात फरक पडतो का? गुरुवारच्या आत सांगाल तर फार मदत होईल.