सोरायसिस: आयएल-१७ला जॅक-स्टॅट लागत नाही, मग टायक२ची गोळी काम कुठे करते?

नेरुळ_बायोटेक
एम.एस्सी.च्या वर्गासाठी सोरायसिसच्या (त्वचेवर खपल्यांचे चट्टे आणणाऱ्या आजाराच्या) सिग्नलिंगची, म्हणजे पेशींमधल्या निरोपांची, एकच आकृती करायची आहे. पुस्तकात बाण सरळ जातात: आयएल-२३ (पेशींमध्ये निरोप नेणारं प्रथिन, म्हणजे सायटोकाइन), मग टीएच१७ पेशी (एक प्रकारच्या टी-पेशी), मग त्यांनी सोडलेलं आयएल-१७ हे सायटोकाइन, मग केराटिनोसाइट (त्वचेच्या वरच्या थराची पेशी). पण ड्युक्राव्हासिटिनिब ही गोळी टायक२ला अडवते (टायक२ हे जॅक कुळातलं एन्झाइम, रिसेप्टरचा निरोप स्टॅट प्रथिनांना देणारं) आणि आयएल-१७चा रिसेप्टर जॅक कुळातलं काहीच वापरत नाही. मग ही गोळी साखळीत नेमकी कुठे बसवायची?
दुसरं, प्रात्यक्षिकात हॅकॅट पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या केराटिनोसाइटना) आयएल-१७ए दिलं (२० नॅनोग्रॅम प्रति मिलि, ३० मिनिटं), तर वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायच्या चाचणीवर) पी-स्टॅट३चा, म्हणजे जाग्या झालेल्या स्टॅट३चा, पट्टा उमटत नाही. सायटोकाइन खराब झालंय की प्रयोगाची आखणी चुकली आहे?

घोडबंदर_स्किन
आखणी. आयएल-१७एसाठी पी-स्टॅट३ हे मोजमापच नव्हे. आयएल-१७आरए आणि आरसी ही रिसेप्टरची जोडी अ‍ॅक्ट१ नावाच्या अ‍ॅडॅप्टरला खेचते, अ‍ॅक्ट१ ट्राफ६ला, आणि तिथून एनएफ-कप्पा-बी आणि मॅपकिनेज हे दाहाचे मार्ग जागे होतात. शिवाय अ‍ॅक्ट१मुळे सीएक्ससीएल१सारख्या केमोकाइनचे (पेशींना बोलावणाऱ्या सायटोकाइनचे) एमआरएनए लवकर तुटत नाहीत. हा भाग आकृत्यांमधून हमखास गळतो, आणि आयएल-१७ एकटं दिलं की परिणाम इतका मिळमिळीत का येतो त्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. एमआरएनए तयार करायला टीएनएफ (दाहाचं आणखी एक सायटोकाइन) हवं, टिकवायला आयएल-१७. चट्ट्यात दोन्ही एकत्र असतात.

आता टायक२. आयएल-२३च्या रिसेप्टरला जॅक२ आणि टायक२ चिकटलेले असतात, टाइप-१ इंटरफेरॉनच्या रिसेप्टरला जॅक१ आणि टायक२. म्हणजे गोळी केराटिनोसाइटवरच्या आयएल-१७ला हात लावत नाही. ती टी-पेशीत आयएल-२३चा निरोप स्टॅट३पर्यंत पोचू देत नाही, म्हणून नवं आयएल-१७ कमी तयार होतं. आधीच बाहेर पडलेल्याचं काम चालू राहतं. सेक्युकिन्युमॅबसारखं इंजेक्शन थेट आयएल-१७एलाच पकडतं, त्यामुळे त्याचा परिणाम लवकर दिसतो. ड्युक्राव्हासिटिनिब टायक२च्या सक्रिय जागेवर न बसता शेजारच्या स्यूडोकिनेज भागावर बसतं, म्हणून जॅक१, २, ३ बहुतांशी शाबूत राहतात. हेही फळ्यावर काढा, मुलं नक्की विचारतील.

आणि सरळ बाण काढूच नका, वर्तुळ काढा. सुरुवात बहुधा त्वचेच्या इजेने होते (जखमेच्या जागीच चट्टा उठतो ती कोबनर खूण आठवा). इजा झालेल्या केराटिनोसाइटमधून एलएल-३७ हे जंतुनाशक पेप्टाइड बाहेर पडतं आणि मेलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटतं. एरवी स्वतःचा डीएनए दुर्लक्षित राहतो, पण ही जोडगोळी प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक पेशीत (एक प्रकारच्या प्रतिकार-पेशीत) टीएलआर९ या डीएनए ओळखणाऱ्या रिसेप्टरपर्यंत जाते आणि इंटरफेरॉन-अल्फा (टाइप-१ इंटरफेरॉन) सुटतं. त्यावर मायलॉइड डेन्ड्रिटिक पेशी चेतवल्या जाऊन टीएनएफ आणि आयएल-२३ सोडतात. पुढे आयएल-१७ मिळालेले केराटिनोसाइट सीसीएल२० सोडतात, त्याचा रिसेप्टर सीसीआर६ टीएच१७ पेशींवर असतो, म्हणजे त्याच पेशी पुन्हा बोलावल्या जातात. वर्तुळ पूर्ण. न्यूट्रोफिलना (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) बोलावणारा फाटा वेगळा: सीएक्ससीएल१ आणि आयएल-८. मुन्रोचे सूक्ष्म गळू (त्वचेच्या वरच्या थरात साचलेले न्यूट्रोफिल) त्याचेच. खपल्या आणि जाडी मात्र बऱ्याच अंशी आयएल-२२ची करामत. ते स्टॅट३ वापरतं, पेशी वाढवतं आणि पक्व होऊ देत नाही. पेशीचा तळापासून वर येण्याचा जो प्रवास साधारण महिनाभर चालतो तो काही दिवसांत उरकतो, म्हणून वरच्या थरातही केंद्रकं शिल्लक दिसतात.

रबाळे_सेलकल्चर
प्रयोगाबद्दल. आधी पी-स्टॅट३ची अँटिबॉडी (टायरोसिन ७०५) चालते का ते आयएल-२२ देऊन बघा: २० नॅनोग्रॅम प्रति मिलि, १५ ते ३० मिनिटं. पट्टा ठसठशीत आला की ब्लॉटवरचा संशय संपला. त्याआधी पेशी रात्रभर सीरमशिवाय ठेवा, नाहीतर सायटोकाइन न दिलेल्या पेशीतही पट्टा येतो.

आयएल-१७एसाठी क्यूपीसीआर (एमआरएनए मोजायची चाचणी) करा. चार गट: काहीच नाही, आयएल-१७ए १०० नॅनोग्रॅम प्रति मिलि, टीएनएफ १० नॅनोग्रॅम प्रति मिलि, दोन्ही एकत्र. एनएफकेबीआयझेड हा जीन लवकर चढतो, १ ते २ तासांत बघा. डीईएफबी४ए (डिफेन्सिन या जंतुनाशक पेप्टाइडचा जीन) उशिरा, २४ ते ४८ तासांनी. एकाच वेळेला दोन्ही मोजायला गेलात तर एक हुकणारच. आयएल-८ पेशींच्या माध्यमातून एलायझाने (प्रथिन मोजायच्या चाचणीने) २४ तासांनी मोजा. आयएल-१७ए देऊन १२-२४ तासांनी पी-स्टॅट३ दिसलाच तर तो दुय्यम असू शकतो, मधल्या वेळात पेशींनी स्वतः सोडलेल्या सायटोकाइनमुळे.

टायक२चा मुद्दा दाखवायला हीच मांडणी पुरते. औषध १०० नॅनोमोलर, १ तास आधी, डीएमएसओ (औषध विरघळवायचं द्रावक) ०.१ टक्क्याच्या वर नको. आयएल-१७ए आणि टीएनएफने वाढलेलं आयएल-८ फारसं हलू नये, पण इंटरफेरॉन-अल्फाने आलेला पी-स्टॅट१ पडला पाहिजे. दुसरा भाग केला नाही तर औषध मुळात काम करत होतं की नाही हेच कळत नाही.

न जमण्याची नेहमीची कारणं: हॅकॅटमध्ये पी५३ उत्परिवर्तित आहे आणि एनएफ-कप्पा-बीचं वागणं नॉर्मल पेशींसारखं नाही, त्यामुळे डिफेन्सिनचे आकडे कमी येतात. प्राथमिक केराटिनोसाइट (त्वचेतून थेट काढलेल्या) परवडत असतील तर त्या घ्या, पण त्यांच्या माध्यमात हायड्रोकॉर्टिसोन असतं आणि ते दाहाचे जीन दाबतं. आदल्या दिवशी ते काढून टाका. कॅल्शियमही बघा: त्या ०.०६ ते ०.०९ मिलिमोलरवर वाढतात, साध्या डीएमईएम माध्यमात १.८ असतं. सायटोकाइनची कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूज करा, पावडर झाकणाला चिकटलेली असते. ०.१ टक्के बीएसए (अल्ब्युमिन प्रथिन) असलेल्या द्रावणात छोटे भाग करून उणे ८०वर ठेवा, वितळलेलं पुन्हा गोठवू नका.

नेरुळ_बायोटेक
इंटरफेरॉनचं कंट्रोल घेतो. उपचार थांबवल्यावर चट्टा त्याच कोपरावर, त्याच आकारात परत येतो, ते या वर्तुळात कुठे दाखवायचं?

घोडबंदर_स्किन
वर्तुळाच्या आत, एपिडर्मिसमध्ये, न हलणारी पेशी म्हणून. सीडी८, सीडी६९, सीडी१०३ या खुणेच्या प्रथिनांच्या निवासी स्मृती टी-पेशी त्वचा साफ दिसल्यावरही तिथेच बसून राहतात आणि आयएल-१७ बनवायची तयारी ठेवतात. त्या कशाला ओळखतात याचं एक उत्तर एचएलए-सी*०६:०२ हा जीनचा प्रकार असलेल्यांत मिळालं आहे: मेलॅनोसाइटमधलं (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशीतलं) एडीएएमटीएसएल५ हे प्रथिन. सगळ्या रुग्णांना हे लागू करू नका.

कोपरी_फार्मसी
आकृतीत औषधं लिहिणार असाल तर इटोलिझुमॅबही टाका, टी-पेशीवरच्या सीडी६ला अडवणारं, भारतात २०१३ साली मंजूर झालेलं. युस्टेकिन्युमॅब पी४० हा सामाईक घटक अडवतं, म्हणजे आयएल-१२ आणि २३ दोन्ही. गुसेलकुमॅब फक्त पी१९, म्हणजे एकटं २३, आणि परिणाम उलट जास्त चांगला. दोषी कोण ते यातूनच ठरलं.

टीएनएफपासून प्लाझ्मासायटॉइड पेशीकडे एक उणे चिन्हाचा बाणही हवा. टीएनएफ त्या पेशींच्या इंटरफेरॉनला आवर घालतं. तो आवर काढला की संधिवातासाठी टीएनएफ-रोधक घेणाऱ्या काहींना नव्यानेच सोरायसिस उठतो. टीएनएफ क्षयाची ग्रॅन्युलोमाही धरून ठेवतं, म्हणून ही औषधं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा इग्रा (क्षयसंसर्गाच्या चाचण्या). आपल्याकडे ते टाळायची सोय नाही.

रबाळे_सेलकल्चर
पुढे कोणी उंदरांवरचं इमिक्विमॉड मॉडेल (या मलमाने सोरायसिससारखा दाह उठवतात) वर्गात दाखवणार असेल तर एक सूचना: तिथे आयएल-१७चा मोठा वाटा गॅमा-डेल्टा टी-पेशींचा असतो, माणसाच्या चट्ट्यातला हिशेब वेगळा आहे. आणि उंदीर मलम चाटतात, त्यामुळे घटलेलं वजन सगळं त्वचेच्या दाहाच्या खात्यावर मांडू नका.