घोड्याच्या पेरणीयंत्रात बी एकसारखं कसं पडायचं?

शिवार_१२: इंग्लंडच्या जेथ्रो टलने १७०१ च्या सुमारास घोड्याने ओढायचं पेरणीयंत्र केलं असं वाचलं, एका वेळी ३ ओळी. आपली तिफणपण ३ च ओळी पेरते ना, मग यात वेगळं काय?

काळीमाती: तिफणीत चाड्यावर (बी सोडायच्या वाटीसारख्या तोंडावर) माणूस मुठीने बी सोडतो, सगळं कसब बोटांत, मूठ ढिली पडली की दाट अन् आखडली की पातळ. टलने ते काम लाकडी रुळाला दिलं, रुळाला खाचा, चाकाबरोबर रूळ फिरतो, पेटीतलं बी खाचेत भरतं आणि नळीतून सरीत पडतं. घोडा हळू चालो की जोरात, अंतर जवळपास तेच राहतं. फार मोठा विचार होता राव हा!

रानवाट: ओळी सरळ अन् लांब ठेवल्या म्हणून मधून घोड्याचं कोळपं फिरवता आलं, खरा फायदा तिथे, तण जातं आणि माती भुसभुशीत. खताची गरज नाही, झाडं मातीचे बारीक कणच खातात असं मात्र टल म्हणायचा, ते साफ चूक.

शिवार_१२: भारीच. आता कुठे चालतं का असं काही?

काळीमाती: हो, अमेरिकेत पेनसिल्वेनियाच्या लँकेस्टर भागात अमिश (आधुनिक यंत्रं टाळून जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) शेतकरी अजून घोडे, खेचरं जुंपतात. कापणी, गठ्ठे बांधायच्या काही अवजारांवर इंजिन बसवलेलं असतं, पण ओढायला जनावरच.