‘रनिंग मेट’ला मराठीत काय म्हणायचं?

डोंबिवलीकर
दोन दिवस एका भाषांतरात अडकले आहे. लेख 2008 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवर आहे आणि वाक्य अगदी साधं आहे: जॉन मॅकेन यांनी सारा पेलिन यांना ‘रनिंग मेट’ निवडलं आणि त्यांच्याच पक्षात खळबळ उडाली. आधी ‘उपाध्यक्षपदाच्या उमेदवार’ लिहिलं, पण वाचताना काहीतरी निसटल्यासारखं वाटतंय. ‘सहउमेदवार’ लिहावं तर सहसंपादक, सहसचिव यांच्या रांगेतला वाटतो. ‘धावसोबती’ माझा मलाच कळत नाही. तुम्ही काय लिहाल?

मिरजकर
‘उपराष्ट्राध्यक्ष’ लिहा, ‘उपाध्यक्ष’ बँकेचासुद्धा असतो. बाकी ‘पदाच्या उमेदवार’ चालून जाईल.

नागपूरकर
चालणार नाही, आणि ताईंना नेमकं काय निसटल्यासारखं वाटतंय ते सांगतो. निवडलं कुणी, हे त्या शब्दांत येत नाही.

आपल्याकडे हा अनुभवच नाही. आपल्या उपराष्ट्रपतींना संसदेचे दोन्ही सभागृहांतले सदस्य निवडतात, राष्ट्रपतींच्या निवडणुकीशी त्याचा संबंध नसतो. अगदी गावात बघा. सरपंच थेट जनतेतून निवडून आला तरी उपसरपंच सदस्यच ठरवतात. एका उमेदवाराने दुसऱ्याला हात धरून शेजारी उभं करायचं आणि मतदाराने एकाच मतात दोघांना पसंती द्यायची, हे आपण कधी केलेलं नाही. म्हणून तयार शब्द सापडत नाही.

अमेरिकेतही हे सुरुवातीपासून नव्हतं. आधी ज्याला दुसऱ्या क्रमांकाची मतं, तो उपराष्ट्राध्यक्ष. 1796 मध्ये त्यामुळे अॅडम्स राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे विरोधक जेफरसन उपराष्ट्राध्यक्ष, असा संसार झाला. 1800 मध्ये जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे आरोन बर यांना निर्वाचकांची प्रत्येकी 73 मतं पडली आणि सगळं अडलं. 1804 च्या बाराव्या घटनादुरुस्तीने निर्वाचकांची दोन पदांची मतं वेगळी केली आणि दोघांनी मिळून उभं राहण्याची वाट मोकळी झाली.

आता पेलिन यांच्याकडे या. 29 ऑगस्ट 2008, ओहायोतलं डेटन शहर. मॅकेन त्याच दिवशी 72 वर्षांचे झाले. पेलिन यांना अलास्काच्या गव्हर्नर होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, त्याआधी त्या वसिला या छोट्या गावाच्या महापौर होत्या. समोरचे उमेदवार ओबामा यांना अनुभव नाही, हा मॅकेन यांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने सोडून दिला, असं त्यांच्याच बाजूच्या अनेकांना वाटलं. पक्षाच्या अधिवेशनात पेलिन यांच्या भाषणाने सभागृह उभं राहिलं हेही खरं. पण पुढे मुलाखतीत कोणती वर्तमानपत्रं वाचता असं विचारल्यावर त्यांना एकाचंही नाव सांगता आलं नाही, तेव्हा लोकांनी बोट मॅकेन यांच्याकडेच वळवलं. राग निवडणाऱ्यावर होता. शब्दात तो निवडणारा दिसायलाच हवा.

आणि लेखात ‘मॅकेन-पेलिन तिकीट’ आलं असेल तर ते तसंच ठेवू नका. आपल्याकडे तिकीट मिळतं, कापलं जातं, बंडखोर ते मागत फिरतो. तिथे तिकीट म्हणजे ती जोडी.

आटपाडीकर
जोडी म्हणालात म्हणून लिहितो. ‘रनिंग मेट’ हा शब्दच मुळात घोड्यांच्या शर्यतीतला. एका घोड्याचा वेग राखायला सोबत पळवायचा दुसरा घोडा, तो रनिंग मेट. उमेदवार पारखण्याला तिकडे ‘व्हेटिंग’ म्हणतात, तेही जनावरांच्या डॉक्टरवरून आलंय. शर्यतीआधी घोडा तपासून घेत.

आमच्याकडे हे बैलांच्या भाषेत तयार आहे. आजोबांच्या जोडीतला एक बैल गेला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर खरसुंडीच्या बाजारात गेलो होतो. खिलार खोंड चांगला दिसत होता. आजोबांनी ओठ वर करून दात पाहिले, मानेवरून आणि खुरांवरून हात फिरवला, मग मालकाला त्याला वीस पावलं चालवायला लावलं. शेवटी एकच प्रश्न विचारला: कुठल्या अंगाला चालतो? घरचा बैल उजव्या अंगाचा होता. हा पण उजव्याच अंगाचा निघाला. आजोबांनी दोर मालकाच्या हातात परत दिला. ‘बैल चांगलाय, पण आमच्याला जोड न्हाई,’ म्हणाले.

म्हणून माझं मत ‘जोडीदार’ला. आणि व्हेटिंगला ‘पारख’. ‘छाननी’ नको, ती आपल्याकडे उमेदवारी अर्जांची होते.

मिरजकर
माझं आधीचं मत मागे घेतो. फक्त ‘जोडीदार’ म्हटलं की हल्ली आधी नवरा-बायको आठवतात.

नागपूरकर
पहिल्या वेळी ‘निवडणुकीतला जोडीदार’ लिहा, पुढे नुसतं ‘जोडीदार’. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचक सरावतो.

डोंबिवलीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य आता असं झालंय: ‘मॅकेन यांनी निवडणुकीतल्या जोडीदार म्हणून सारा पेलिन यांना निवडलं आणि पक्षातच त्यांच्या पारखेवर प्रश्न उठले.’ मूळ वाक्यात नुसती खळबळ आहे, पण पुढचा अख्खा परिच्छेद पारखेबद्दलच आहे, म्हणून एवढी मोकळीक घेतली.

शेवटचा परिच्छेदही यामुळे सुटला. मॅकेन यांच्या मनात जो लिबरमन होते. ते 2000 मध्ये विरोधी पक्षाकडून अल गोर यांचे जोडीदार म्हणून उभे राहिले होते. पक्ष हे खपवून घेणार नाही, असं सल्लागारांनी सांगितलं आणि मॅकेन यांनी ऐकलं. 2018 मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी याची खंत लिहून ठेवली. तिथे मी लिहिलंय: ‘मनातला जोडीदार सोडून दिला.’