साउअरक्राउट मधलं 'क्राउट' म्हणजे नक्की काय?

फोंड्याची_पोर: पणजीला जर्मनचा क्लास लावलाय. काल साउअरक्राउट शब्द आला, आंबवलेला कोबी. साउअर म्हणजे आंबट ते कळलं, पण डिक्शनरीत क्राउट म्हणजे पाला, औषधी वनस्पती आणि कोबीला शब्द वेगळाच, कोल. त्यात फ्रेंचमध्ये ह्यालाच शुक्रूत म्हणतात आणि तिथे शू म्हणजे कोबी, मग आंबट गेलं कुठे? कोणीतरी नीट सांगा ना.

माडाखाली: बाय, क्राउट म्हणजे मुळात पाला, पण दक्षिण जर्मनी-ऑस्ट्रियात कोबीलाच क्राउट म्हणतात. आपल्याकडे नाही का, आई "भाजीची जुडी आण" म्हणाली की तांबडी भाजीच आणायची, तसंच. आता फ्रेंचचं ऐक, हे मला फार आवडतं. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सास भागातल्या बोलीत शब्द होता सूरक्रूट, सूर म्हणजे आंबट, क्रूट म्हणजे कोबी. फ्रेंच लोकांना ते परकं वाटलं, त्यांनी 'सूर'च्या जागी ओळखीचा 'शू' बसवला आणि 'क्रूट'चं झालं क्रूत, म्हणजे पावाची कड! म्हणजे कोबी बसलाय तो आंबटाच्या जागेवर.

म्हापशेकार: अगदी आपल्या विंदालूसारखं झालं हे, तो आंबट-तिखट मांसाचा रस्सा. मूळ पोर्तुगीज शब्द वाइन आणि लसणीचा, आल्यु म्हणजे लसूण, पण बाहेरच्या हॉटेलांत त्याला आलू समजून बटाटे घालतात, जीव तुटतो हो बघून. आणि त्या सूरचा आपल्या माडाच्या सुरेशी काही संबंध नाही हं, नुसता उच्चार जुळतो.

फोंड्याची_पोर: म्हणजे हे पण सुरेच्या विनागरात घालतात का, विंदालूसारखं?

माडाखाली: नाही गं, विनागर अजिबात नाही. कोबी बारीक चिरायचा, किलोला 20-25 ग्रॅम मीठ चोळून बरणीत दाबून भरायचा, वर वजन. त्याचंच पाणी सुटतं, त्यात तो बुडलेला राहिला पाहिजे, मग काही आठवड्यांत आपोआप आंबट होतो. आमची आजी चेपणीची तोरं, म्हणजे मिठात दाबलेल्या कैऱ्या, घालायची ती अशीच, मीठ आणि वर नदीतला गुळगुळीत धोंडा, झाकण उघडलं की वासानेच तोंडाला पाणी. आपण नाव ठेवलं चेपण्यावरून, जर्मनांनी चवीवरून, आणि लोणचं हा शब्द तर लवणावरून आलेला.

म्हापशेकार: कोलचं राहिलंच की. जर्मन कोल, फ्रेंच शू आणि पोर्तुगीज कोव्ह, तिन्ही लॅटिन कौलिसवरून, म्हणजे देठ. आणि त्या कोव्हवरूनच आपला कोबी.